अडीचला निघण्याची अट

सोमवार, ८ जानेवारी

पाच वर्षांनी आज पुन्हा त्याच दारानं आत गेले. वास तोच, आंबट, कोमट, कपड्यांना चिकटणारा. वाटलं होतं रडू येईल, आली ती शिंक.

क्रिस्टानं कागद तयारच ठेवला होता. क्रिस्टा म्हणजे जुन्या मालकाची नात, आता कारखाना तीच बघते. काय काय बोलायचं ते मी दोन दिवस घोकत होते, पण बोलायची वेळच आली नाही. चीज करायचा राज्याचा परवाना असलेली माणसं आता विस्कॉन्सिनसारख्या चीजच्या राज्यातसुद्धा शोधावी लागतात, म्हणून माझी मिजास चालली. कागदावर माझ्या नावानं लिहिलंय: आर्डिस दुपारी अडीचला निघेल, दुधाचा हौद संपो न संपो. रविवारी तिला फोन करायचा नाही. खाली दोघींच्या सह्या.

लिहून घेतलं कारण मला माझी खोड माहीत आहे. आमच्यात ज्यानं हौद लावला त्यानंच तो संपवायचा, अशी रीत. पहाटे दुधात विरजण घालायचं, मग ते घट्ट होऊन, कापून, निवळी काढून, चीजच्या लाद्या उलटून, शेवटी मीठ लागेपर्यंत हलायचं नाही. विरजण चांगलं असलं तर दोनला मोकळे. मंद निघालं तर पाच, सहा, देवाला माहीत. पाच वर्षांपूर्वी अशाच एका मंद हौदापाशी मी उभी होते आणि दहा वर्षांची ब्रिन घरी एकटी सूप गरम करत होती. तिच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग अजून आहे. तिच्या बापाला घर सोडून तेव्हा वर्ष झालं होतं, म्हणजे त्या पोरीला घरी कुणीच नव्हतं. त्याच आठवड्यात मी नोकरी सोडली. ते पुन्हा होऊ द्यायचं नाही, एवढ्याचसाठी हा कागद.

ऑर्व्हिलनं मला बघून टोपी मागे सारली. "आलीस?" "आले." "बरं." माझ्या एकोणिसाव्या वर्षी ह्याच माणसानं मला काम शिकवलं. आनंद झाला की तो इतकंच बोलतो.

बुधवार, १० जानेवारी

खांदे भरून आलेत. पाच वर्षं खुर्चीत बसून विम्याचे फॉर्म भरले, त्याची शिक्षा.

तीनला घरी. दिवे लावले, सूप ठेवलं, आणि ही वही घेऊन बसले. ब्रिन सव्वासहाला आली. शाळेतून परस्पर वृद्धाश्रमात जाते, सोमवार ते शुक्रवार, चार ते सहा, जेवण वाढायला. म्हणे डिसेंबरात सांगितलं होतं. असेल. तरी दार उघडल्याबरोबर तिला उजेड दिसला, सुपाचा वास आला, हे महत्त्वाचं.

"अरे, तू घरी?" म्हणाली.

"आता रोज."

"छान," म्हणाली आणि फोन घेऊन वर गेली. पंधरा वर्षांची मुलगी "छान" म्हणते म्हणजे पुष्कळ झालं.

शुक्रवार, १९ जानेवारी

आज पहिला मंद हौद. बाराला जेवढा आंबटपणा यायला हवा तेवढा दोनला आला होता. मी घड्याळाकडे बघितलं, कागद आठवला, आणि ऑर्व्हिलकडे गेले. त्याचा हौद संपत आला होता. दुसऱ्या कुणाकडे परवाना नाही, त्यामुळे विचारणार तरी कुणाला?

"माझा राहिलाय. बघशील? तुला काही काम आहे का?"

"छे. जा तू. मला कसलं काम."

गेले.

गाडीत बसल्यावर जरा टोचलं, खोटं कशाला बोलू. मग आई आठवली. आमच्याकडे पाहुण्याला कॉफी विचारली की तो नको म्हणतो. पुन्हा विचारलं की उगाच त्रास नको म्हणतो. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, अर्धा कप" म्हणतो आणि दोन कप पितो. आई जन्मभर ही कवायत करत राहिली. विमा कंपनीत आम्हाला शिकवायला एक बाई आली होती. ती म्हणाली, एकदा विचारा आणि समोरचा म्हणेल ते खरं माना, त्याच्या मनातलं ओळखत बसणं हे तुमचं काम नाही. ऐकून मला पाठीवरचं पोतं उतरल्यासारखं वाटलं होतं. तेव्हापासून मी एकदाच विचारते.

मंगळवार, ३० जानेवारी

विरजण पुरवणाऱ्यांकडेच काहीतरी बिघडलंय. दहा दिवसांत हा पाचवा मंद हौद. आता विचारावंही लागत नाही. अडीचला मी हात धुते, ऑर्व्हिलकडे बघते, तो मान हलवतो.

आज जेवणाच्या सुट्टीत त्यानं दाढी केली आणि निळा इस्त्रीचा सदरा घातला. पॅकिंगवाल्या बायकांना आयतंच मिळालं. मी पण सोडते होय?

"कुणाला भेटायला रे?"

"आहे एक."

"वाट बघते वाटतं?"

"बघते."

सगळ्या हसल्या. तोही हसला. अडीचला मी निघाले तेव्हा त्या सदऱ्याच्या बाह्या वर सारून तो माझ्या लाद्या उलटत होता. सदरा खराब करील म्हणून मी त्याला दटावलं.

बुधवार, ७ फेब्रुवारी

त्याची "एक" म्हणजे लाव्हर्न, त्याची बायको, हे मला माहीत आहे. आमच्या गावातल्या वृद्धाश्रमात आहे, दोन वर्षं झाली. डोक्यानं गेली बिचारी, कुणाला ओळखत नाही म्हणतात. ऑर्व्हिल कारखान्याजवळच राहतो, तिथून चौदा मैल गाडी हाकून रोज तिला बघायला येतो.

आज मुद्दाम विचारलं, "लाव्हर्न कशी आहे?"

"बरी आहे. ह्यापेक्षा वाईट असू शकतं."

"माझ्या हौदामुळे तुला जायला उशीर होत नाही ना?"

"थोडा इकडेतिकडे. त्याचं काय."

म्हणजे विचारलं मी. आणि खरंच, जिला वार कळत नाही तिला साडेचार काय नि साडेसहा काय. हे लिहिताना फार बरं वाटत नाहीये. पण माझी लेक आहे आणि तिचा हात भाजलेला मी पाहिलाय. माझ्या वाटची काळजी मी एकदा केली नव्हती, आता करतेय, ह्यात कुणाचं काही हिसकावत नाही.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

आज ब्रिन चक्क स्वयंपाकघरात बसली, अर्धा तास! फोन खिशात. मी जीव मुठीत धरून ऐकत होते, मध्ये काही बोलले तर उठून जायची.

तिच्या टेबलावर एक आजी आहेत. नावं बाहेर सांगायची नाहीत असा तिथला नियम, म्हणून मी विचारलं नाही. ह्या आजी कुणाच्याही हातून खात नाहीत. तोंड घट्ट मिटतात. त्यांचा नवरा रोज साडेचारला, जेवणाच्या वेळेला यायचा, तो भरवायचा तेवढंच पोटात जायचं. आता तो वेळेवर येतच नाही. आला तर सहानंतर, ताटं उचलून झाल्यावर. आजी चारपासून खिडकीशी बसतात, गाड्या लागतात तिकडे तोंड करून. ब्रिन त्यांच्यापुढे चमचा धरून बसते. कालपासून पुडिंगसुद्धा नाही.

"म्हणजे अजिबात ओळखत नाहीत ना त्या कुणाला?" मी म्हटलं.

"कोण म्हणतं? त्यांना तो येणार एवढं पक्कं माहीत असतं, आई. बाकी काही माहीत नसेल."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, पुरुष असेच, सोपं होतं तोवर सोबत, कठीण झालं की पाय काढता. तुझ्या बापाचं बघ. एवढं आयुष्य तिनं ह्याची ताटं वाढली असतील आणि ह्याला अर्धा तास काढवत नाही.

"त्याला बोल चार शब्द," मी सांगितलं. "तू लहान आहेस म्हणून गप्प बसू नकोस."

"बोलू?"

"बोल."

किती दिवसांनी तिनं मला काही विचारलं आणि मी सल्ला दिला. ह्यासाठीच तर अडीचला निघते मी.

शुक्रवार, १ मार्च

क्रिस्टानं सगळ्यांना गोळा केलं. डोनट, कॉफी. म्हणाली, काम आणि घर ह्यांचा तोल कसा राखावा ते आर्डिसकडून शिका, दोन महिने झाले, एक दिवस अडीचच्या पुढे थांबली नाही आणि एक हौद वाया गेला नाही. टाळ्या. मी लाजले, पण छाती फुगली होती, लपवत नाही. ऑर्व्हिलही टाळ्या वाजवत होता, मिठाचे हात झटकत.

"ह्या व्यवस्थेची कुणाला काही अडचण?" क्रिस्टानं विचारलं.

कुणी काही बोललं नाही. म्हणजे नसणार.

बाहेर पडताना ऑर्व्हिलला विचारलं, "बरा आहेस ना? बारीक झालास."

"हिवाळा आहे," म्हणाला.

बुधवार, ६ मार्च

ब्रिन बोलली त्या माणसाला.

सव्वासहाला तो आला, आजी झोपल्या होत्या. ब्रिन कोट घालून दारातच उभी होती. म्हणाली, "त्या रोज तुमची वाट बघतात. पंधरा दिवसांत त्या किती उतरल्या ते दिसत नाही तुम्हाला? तुम्हाला वेळेवर यायला काय होतं?"

"मग? काय सबब सांगितली?"

"काहीच नाही. टोपी हातात घेतली आणि म्हणाला, तुझं बरोबर आहे. मग माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि म्हणाला, ब्रिन, छान नाव आहे."

"बनेल," मी म्हटलं.

"नाही गं. मला कसंतरीच झालं त्याच्याकडे बघून."

मी तिला शाबासकी दिली. तिनं ती घेतली नाही, वर गेली.

गुरुवार, ७ मार्च

ऑर्व्हिलनं आज एका हौदाला दोनदा मीठ घातलं. सदतीस वर्षांत पहिल्यांदा. सगळा माल डुकरांना. क्रिस्टा गोडीनं म्हणाली, आता आरामाचा विचार करायला हरकत नाही. तो नुसता हौद धूत राहिला. मला वाईट वाटलं. वय झालं, दुसरं काय. माझा हौद मंद होता, तरी अडीचला मी विचारलं, "आज थांबू का मी?"

"नको. जा," म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता.

गुरुवार, १४ मार्च

लाव्हर्न गेली. मंगळवारी सकाळी, न्यूमोनियानं. अंगात काही उरलंच नव्हतं म्हणे.

ऑर्व्हिल नाही, म्हणून काल आणि आज मी सहापर्यंत थांबले. पॅकिंगवाल्या तीनला जातात. नंतर तिथं कुणी नसतं. दर पंधरा मिनिटांनी लाद्या उलटायच्या आणि मधल्या वेळात घड्याळाकडे बघायचं. साडेचार वाजतात तेव्हा उन्हाची तिरीप बरोबर समोरच्या भिंतीवर येते. हे मला आठवत नव्हतं.

ब्रिन मंगळवारी रडून आली होती. तिच्या त्या आजी गेल्या. थंडी संपताना तिथं असं होतंच, मी म्हटलं. नाव विचारावं असं ओठावर आलं होतं. नियम आहे, म्हणून विचारलं नाही. नियम आहे म्हणूनच.

शनिवार, १६ मार्च

अंत्यविधी कारखान्याजवळच्या त्यांच्या चर्चमध्ये. तळघरात जेवण, हॅमचे सँडविच, चीज घालून भाजलेले बटाटे. मी बटाटे वाढायला उभी होते आणि जिन्यावरून ब्रिन उतरली. काळा स्कर्ट, बरोबर वृद्धाश्रमाच्या दोन नर्स.

"तू इथं कशी?" आम्ही दोघी एकदम म्हणालो.

तिनं माझ्या खांद्यावरून बघितलं. ऑर्व्हिल खिडकीजवळच्या टेबलाशी बसला होता, पुढ्यातलं ताट तसंच.

"तेच ते," ती हळू म्हणाली. "नाही का मी सांगितलं? वेळेवर न येणारे."

माझ्या हातात मोठा चमचा होता. मागे रांग होती. मी पुढच्या माणसाच्या ताटात बटाटे वाढले, मग त्याच्या पुढच्याच्या.

"तुझ्या ओळखीचे आहेत?"

"कारखान्यातले," मी म्हटलं.

"मग ते रोज कुठं असायचे ग दुपारचे?"

मी म्हटलं, घरी बोलू. घरी आल्यावर डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले. लेकीला तोंड दाखवायची लाज वाटली, दुसरं काही नाही.

सोमवार, १८ मार्च

ऑर्व्हिल कामावर आला. म्हणाला, घरी बसून काय करू. सुट्टीत मी त्याच्यासमोर जाऊन बसले. त्यानं डबा उघडलेला नव्हता.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"काय?"

"साडेचारचं. ती तुझ्याच हातून खायची ते."

त्यानं बराच वेळ टेबलावरचा मिठाचा कण बोटानं इकडून तिकडे ढकलला. "तू विचारलंस, काही काम आहे का. मी नाही म्हटलं."

"मग?"

"मग तू गेलीस." तो रागावला नव्हता. मला समजावून सांगत होता, एकोणिसाव्या वर्षी लाद्या कशा उलटायच्या ते सांगायचा तसंच. "पहिल्याच वेळी कोण हो म्हणतं, पोरी? वाटलं, पुन्हा विचारील. मग वाटलं, उद्या विचारील. पुढे इतके दिवस गेले की आता आपण तोंड उघडलं तर तुला वाटायचं, हा एवढे दिवस मनात धरून बसला होता."

"ब्रिन तुला नाही नाही ते बोलली. तेव्हा तरी तिला सांगायचंस."

"तिला काय सांगू? तुझी आई तुझ्यासाठी घरी जाते म्हणून?" त्यानं मान हलवली. "आणि तिचं बरोबरच होतं. हौद टाकून जाता आलं असतं, मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. एक हौद वाया गेला असता. मी चीज वाचवत बसलो."

मला रडू फुटलं. मी म्हटलं, माझं चुकलं. म्हटलं, आजपासून मी थांबते, तुझेही हौद मी संपवते, तू अडीचला जा.

"आता कशाला?" तो म्हणाला.

अडीचला मी निघाले नाही. साडेपाचपर्यंत आम्ही दोघांनी मिळून लाद्या उलटल्या, तो त्या टोकाला, मी ह्या. घरी पोचले तेव्हा सव्वासहा. घरात दिवे नव्हते, ते मीच लावले, आणि पाठोपाठ ब्रिन आली.

कोट काढायच्या आत तिला सांगितलं. सगळं सांगितलं, कागद, मंद हौद, मी एकदाच विचारलं ते. ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून ऐकत होती.

"म्हणजे ते तुझं काम करत होते."

"हो."

"आणि मी त्यांना त्याच्यावरून बोलले. तू सांगितलंस म्हणून."

"हो."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हाताआडूनच विचारलं, "आणि तू तेव्हा काय करत होतीस?"

"इथं बसायचे. तुझी वाट बघत."

"पण मी तिथं होते, आई. त्यांना भरवत होते. तुला माहीत होतं मी सहाच्या आत येत नाही."

"माहीत होतं."

"तू कारखान्यात थांबली असतीस ना, तरी मला पत्ता लागला नसता."

हे ती रागानं म्हणाली नाही. रागानं म्हणाली असती तर मला सोसलं असतं.